एकतीस मे, मध्यान्होत्तर

सरकारी कचेरीत आस्थापनेचं टेबल सांभाळणाऱ्याला ३१ मे विसरता येत नाही. आमच्या आधीच्या पिढीत शाळेच्या दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख असलेली माणसं पुष्कळ. आई सांगायची, पोरगं पोळ्याच्या आसपास झालं, त्या साली नदीला मोठा पूर आला होता. गुरुजी मान डोलवायचे आणि १ जून लिहून मोकळे व्हायचे. आणि महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, असा नियम. म्हणून मे संपताना सगळ्या राज्यात शाल-श्रीफळांचा खप वाढतो.

मी मराठवाड्यातल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. सेवापुस्तकं, रजा, वेतननिश्चिती, पेन्शनची प्रकरणं हे माझं काम. शिवाय दर महिन्याला एक पानी पत्रक काढायचं असतं: कोण रुजू झालं, कोणाची बदली झाली, कोण निवृत्त होतंय, पुढच्या महिन्यात कोणते कार्यक्रम आहेत. ते फलकावर लागतं आणि व्हॉट्सअॅपवर फिरतं. वाचतात सगळे, पण फक्त बदल्यांसाठी. २०२४ च्या मे महिन्यात तो रकाना रिकामा होता. लोकसभेची आचारसंहिता, सगळ्या बदल्या गोठलेल्या. कार्यक्रमांचा रकाना मात्र गच्च: ५ जूनला पर्यावरण दिन, १४ ला रक्तदाता दिन, २१ ला योग दिन, २६ ला शाहू महाराजांची जयंती आणि लगेच १ जुलैचा डॉक्टर्स डे. निवृत्तांच्या यादीत एक मुख्य लिपिक, एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ, दोन इन्चार्ज सिस्टर आणि सगळ्यात शेवटी शरीररचनाशास्त्र विभागातले मामा.

मेडिकल कॉलेजात वॉर्डबॉय, शिपाई, परिचर सगळे मामाच असतात आणि आया सगळ्या मावश्या. पण नुसतं 'मामांना विचारा' म्हटलं की ते डिसेक्शन हॉलचे, मुलं मृतदेहावर शिकतात तिथले मामा, हे नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरलाही आठवडाभरात कळतं. १९८८ साली रोजंदारीवर लागले, पुढे कायम झाले, आणि नोकरी सगळी त्याच हॉलमध्ये गेली. त्यांचं सेवापुस्तक मी गेले कित्येक महिने उलटंपालटं केलं होतं. शेरे नाहीत, बढती नाही, तीनशे दिवसांची अर्जित रजा पुरेपूर शिल्लक. म्हणजे रोखीकरणात एक दिवसही वाया गेला नाही. चतुर्थश्रेणीत हे असं सेवापुस्तक क्वचित बघायला मिळतं.

त्या शुक्रवारी सकाळी आधी अहिल्यादेवी होळकरांची जयंती झाली, प्रतिमेला हार घातला. लगेच त्याच सभागृहात तंबाखूविरोधी दिनाची शपथ, कारण तोही ३१ मेलाच असतो. पीएसएमचे, म्हणजे सामाजिक वैद्यकशास्त्राचे सर पुढे वाचत होते, आम्ही मागून म्हणत होतो. मामा शेवटच्या रांगेत, उजवा हात पुढे. डाव्या हाताची मूठ वळलेली, आणि त्या मुठीत काय होतं ते सगळ्यांना ठाऊक. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मामा, आज तरी." ते म्हणाले, "मॅडम, फॉर्मेलिनचा वास हिच्याशिवाय सोसत नाय." यावर काय बोलणार? देह टिकवायच्या फॉर्मेलिनमधलं फॉर्मल्डिहाइड कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्येच सांगितलंय, तंबाखूच्याच गटात टाकलंय. त्याची शपथ मात्र कोणी देत नाही. हॉलमधले एक्झॉस्ट पंखे बदलायची मागणी बांधकाम विभागाकडे किती वर्षं पडून आहे, हे माझ्याच आवक-जावकमध्ये आहे.

दुपारी बाराच्या सुमारास विभागातून फोन आला. तालुक्याच्या गावी एका निवृत्त मुख्याध्यापकांचं पहाटे घरीच निधन झालं होतं, वय अठ्ठ्याऐंशी. देहदानाचा अर्ज त्यांनी पूर्वीच भरलेला. नेत्रपेढीची माणसं घरी जाऊन डोळे घेऊन गेली होती, ते काम सहा तासांच्या आत उरकावं लागतं. आता शववाहिका आमच्याकडे निघाली होती. फोन आस्थापनेला का? तर विभागात होतं कोण, हे बघा. उन्हाळी सुट्टी दोन पाळ्यांत असते, विभागप्रमुख पहिल्या पाळीत गावी. तंत्रज्ञ ४ जूनच्या मतमोजणीच्या प्रशिक्षणाला. उरल्या नव्याने लागलेल्या सहायक प्राध्यापक मॅडम, ज्यांनी एम्बामिंग, म्हणजे देह टिकवायला त्यात द्रव भरणं, बघितलं होतं, एकट्याने केलं नव्हतं. आणि एजन्सीमार्फत आलेला एक कंत्राटी पोरगा. त्याला विभाग झाडायला ठेवलेला. मॅडमना एवढंच विचारायचं होतं, "मामांना आज किती वाजता सोडणार?"

गाडी तीन वाजता आली. बाहेर अंगाची लाही होत होती. सोबत मुलगी, जावई आणि दोन शेजारी. कागद मीच तपासले, कारण स्वीकृतीपत्रावर अधिष्ठात्यांची, म्हणजे डीन साहेबांची सही घ्यायची तर ते माझ्याच टेबलावरून जाणार. डॉक्टरांचा मृत्यूच्या कारणाचा दाखला होता, आधार होतं, अर्जाची प्रत होती. पोलिस केस नव्हती. कावीळ, एचआयव्ही यांपैकी काही नव्हतं. अडचण वेगळीच निघाली. मुलगा पुण्याहून निघाला होता आणि फोनवर म्हणत होता, मी पोहोचेपर्यंत काही करू नका, मला अजून पटलेलं नाही. मुलगी चिडली. "बाबांनी स्वतः सही केलीय, त्याचं काय पटायचंय?" खरं तर मृताने आधी कितीही अर्ज भरून ठेवू दे, शेवटी जवळचे नातेवाईक नको म्हणाले तर महाविद्यालय हट्ट धरत नाही. शरीरशास्त्राचा आपला कायदा १९४९ चा, तेव्हाच्या मुंबई राज्याचा. मुळात तो बेवारस मृतदेहांसाठी केलेला. बेवारसाला भाऊबहीण नसतात. दान केलेल्या देहामागे अख्खं घर येतं, वादासकट.

सहायक प्राध्यापक मॅडम घड्याळाकडे बघत होत्या. उन्हाळ्यात उशीर केला तर देह बिघडतो. मामांनी गाडीतून देह उतरवून घेतला, शीतपेटीत ठेवला, तापमान बघितलं आणि मुलीला म्हणाले, "ताई, येऊ द्या भावाला. बाप त्यंचाबी हाय. पेटीत काय नाय होत." मग हात धुऊन, शर्ट बदलून निरोप समारंभाला आले. वडील मुख्याध्यापक होते हे ऐकल्यावर जाता जाता मला म्हणाले, "म्हंजी आमच्या तारखा टाकणारे."

समारंभ जसा असतो तसाच झाला. उशिरा सुरू झाला, माईक कुरकुरला. सत्काराचा क्रम नेहमीप्रमाणे पदाप्रमाणे होता, म्हणजे मामा शेवटी. पण डीन साहेबांना कोणीतरी खालची परिस्थिती सांगितली असावी. त्यांनी यादी बाजूला ठेवली आणि मामांना पहिलं बोलावलं. मुख्य लिपिकांच्या कपाळाला आठ्या पडल्या, त्या मी पाहिल्या. मामांनी शाल घेतली, नारळ घेतला, दोन शब्द बोला म्हटल्यावर "सगळ्यांनी सांभाळून घेतलं" एवढंच बोलले आणि सगळं सामान बायकोच्या मांडीवर ठेवून उतरले. भाषणं पुढे चालू राहिली. मामांबद्दल एका प्राध्यापकांनी 'विभागाचा आधारस्तंभ' वगैरे म्हटलं, पण तोवर ते तिथे नव्हतेच.

पावणेसहाला कार्यालय सुटतं. कार्यमुक्तीच्या अहवालावर मामांची त्याच तारखेची सही हवी होती. आमच्या भाषेत '३१ मे, मध्यान्होत्तर'. चाव्यांचा ताबा दिल्याचा कागदही बाकी होता. म्हणून फाईल घेऊन मीच खाली गेले. इतक्या वर्षांत मी त्या हॉलच्या दारापर्यंत गेलेले, आत नाही.

मुलगा नुकताच पोहोचला होता. चाळिशी उलटलेला, डोळे लाल, चपला दाराबाहेर काढून उभा. त्याने मामांनाच विचारलं, "म्हणजे मुलं यांना कापणार?"

"कापणार की," मामा म्हणाले. "त्यासाठीच दिलंय त्यंनी. पण आता शपथ घेतल्याबिगर पोरं हात लावत नायत. आमच्या वेळी तसलं काय नव्हतं, पहिल्या दिवशी पोरं हसायची, चक्कर येऊन पडायची. आता आधी रांगेत उभं करत्यात."

ही शपथ म्हणजे पहिल्या वर्षाच्या मुलांची, देहाचा मान राखण्याची. नवा अभ्यासक्रम २०१९ मध्ये आला तेव्हा सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्सबरोबर ती रुळली. आमच्या पत्रकात ती दरवर्षी 'आगामी कार्यक्रम'मध्ये एक ओळ घेते, पांढऱ्या कोटाच्या समारंभाच्या वर.

मग मुलाने अस्थींचं विचारलं. दहाव्याला काय करायचं, नदीत काय सोडायचं? मुलगी म्हणाली, बाबांनी लिहून ठेवलंय, काहीही करायचं नाही. दोघांचे आवाज चढायला लागले. मामा मध्ये पडले नाहीत. त्यांनी एवढंच सांगितलं, की आत घेतल्यावर डोक्याचे केस काढावेच लागतात, हवे असतील तर ते बांधून देतो. मुलाने मान हलवली आणि संमतीच्या कागदावर सही केली. बहिणीने तोंड फिरवलं, पण अडवलं नाही.

पुढचं मी दारातून पाहिलं. मांडीच्या वरच्या बाजूला एक छोटा छेद. मामांनी मॅडमचं बोट धरून तिथे टेकवलं. "इथं. दाबून बघा, दोरीसारखी लागंल." फीमोरल आर्टरी, म्हणजे मांडीतली मोठी धमनी, मॅडमना पुस्तकातून पाठ होतीच, पण त्या वयाच्या माणसाची रक्तवाहिनी कडक झालेली असते, सुई घसरते, हे पुस्तकात नसावं. छताजवळच्या हुकाला द्रवाचा डबा टांगलेला: फॉर्मेलिन, ग्लिसरीन, फिनॉल, स्पिरिट, पाणी. पंपाने लवकर होतं. पण पंप बंद होता आणि मामांचा त्याच्यावर विश्वासही नव्हता. जोर जास्त झाला तर चेहरा सुजतो म्हणे. डबा उंच ठेवायचा आणि वजनाने उतरू द्यायचं. आठ-दहा लिटर उतरायला तास तास लागतात. तोवर मामा हात-पाय चोळत होते, बाळंतिणीला मालिश करणारी बाई चोळते तसे, खालून वर, सांध्यापाशी थांबत. मध्येच बोटाचं टोक चिमटीत धरून बघायचे. कंत्राटी पोराला बोलावून म्हणाले, "धर. मऊ लागतंय का? मंग अजून पोचलं नाय. कानाची पाळी बघ आता." पोरगा आधी हातमोजा चढवूनही हात मागे घेत होता. थोड्या वेळाने स्वतःच सांगायला लागला, मामा, डावा पाय अजून राहिलाय.

सव्वासहाला मी अहवाल पुढे केला. मामांनी हातमोजे काढले, हात धुतले, चष्मा पुसला आणि सावकाश सही केली. चाव्यांचा जुडगा माझ्या हातात दिला. मी तो कागदोपत्री पुरता घेतला आणि परत त्यांच्याच समोर ठेवला, कारण हॉल बंद कोण करणार?

सगळं आवरायला दहा वाजत आले. मॅडमनी नोंदवही उघडली: अनुक्रमांक, नाव, वय, मृत्यूची वेळ, स्वीकारल्याची वेळ, द्रव किती, एम्बामिंग कोणी केलं. शेवटच्या रकान्यात त्या मामांचं नाव घालायला लागल्या तर मामांनी वहीवर हात ठेवला. "मी मघाच गेलो. माझं नाव नको, उगं पेन्शन अडकंल. पोराचं घाला."

नियमाने त्यांचं बरोबर होतं. निवृत्त माणसाने रात्री दहा वाजता सरकारी हॉलमध्ये मृतदेहाला हात का लावला, ही शंका लेखापरीक्षणात कोणी काढली असती तर खुलासा मलाच लिहावा लागला असता. मॅडमनी स्वतःचं नाव घातलं, आणि सहायक म्हणून पोराचं. मला ते अजूनही खटकतं. मामांनी केलेल्या कामाचा त्यांच्या नावाने कागद कुठेच नाही, आणि जो आहे तो माझ्या फाईलमध्ये: कार्यमुक्त, मध्यान्होत्तर.

जूनचं पत्रक निघालं. त्यात निवृत्तांची यादी पदाप्रमाणेच लावली, मामा शेवटी. डीन साहेबांचा क्रम घ्यावा असं मनात आलं होतं, पण पत्रकावर मुख्य लिपिकांच्या जागी आलेल्या साहेबांची पहिली सही घ्यायची होती.

मामांचं पद भरलं जाणार नाही, ती कामं आता बाह्यस्रोतातून होतात. एजन्सीचं कंत्राट संपलं की पोरगाही बदलेल. म्हणून विभागाने मागणी केली, की मामांना महिन्यातून एक-दोनदा बोलावून पोराला नीट तयार करून घ्यावं. मामा तयार होते, मात्र फुकट नाही. "गाडीभाडं आन् चहा," असं त्यांनी मला फोनवर स्पष्ट सांगितलं, आणि त्यात काही गैर नाही. मी टिप्पणी केली. लेखा शाखेने 'कोणत्या लेखाशीर्षाखाली?', म्हणजे खर्च कोणत्या खात्यात टाकायचा, असा शेरा मारून ती परत पाठवली. कार्यालयीन खर्चात बसत नाही, प्रशिक्षणात बसवायचं तर प्रशिक्षकाची शैक्षणिक अर्हता लागते, आणि मामा सातवी आहेत. मी 'तज्ज्ञ मार्गदर्शक' असं लिहून टिप्पणी पुन्हा वर पाठवली आहे. तोवर काही अडलं की पोरगा व्हिडिओ कॉल लावतो आणि मामा घरी बसून सांगतात, डबा अजून वर घे.