भीती वाटते, रविवारी रात्री

"तुका मरणाचें भंय दिसना गो?" तुला मरणाची भीती वाटत नाही का गं, असं शेजारच्या मावशीने दोन वर्षांपूर्वी आमच्या ओसरीवर बसून सरळ विचारलं होतं. तेव्हापासून हा प्रश्न मला कितीतरी जणांनी कितीतरी तऱ्हांनी विचारला. शाळेतल्या टीचरनी आडून, "कसं हो सहन करता तुम्ही एवढं?" असा. डायलिसिसच्या खोलीबाहेरच्या बाकावर एका नव्या पेशंटच्या बायकोने, नवऱ्याची फाईल छातीशी धरून. तिला मी "सवय होते हो" म्हटलं आणि आत गेले. मशीनला लागल्यावर चार तास तेच मनात घोळत राहिलं. तिला खरं उत्तर हवं होतं आणि मी तिला वाटेला लावलं. ते उत्तर आज लिहिते आहे.

हो, भीती वाटते. रोज नाही वाटत. माझ्या भीतीचा वार ठरलेला आहे.

आधी आजाराचं थोडक्यात. माझ्या दोन्ही मूत्रपिंडांत पाण्याने भरलेल्या असंख्य गाठी आहेत. पॉलिसिस्टिक किडनी म्हणतात. आजार घराण्यातून येतो. आईबापांपैकी एकाला असला तर प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. बाबांना होता, ते 49व्या वर्षी गेले. मी 52ची आहे. भावालाही तोच आजार, त्यामुळे त्याची किडनी मिळणार नाही. यांची जुळत नाही. म्हणून गेली पाच वर्षं सोमवार, बुधवार, शुक्रवार, चार-चार तास फोंड्याला मशीनवर.

आता हे वार बोटांवर मोजा. शुक्रवार ते सोमवार मधे दोन दिवस मोकळे जातात. निरोगी माणसाचं शरीर रात्रंदिवस जे बाहेर टाकतं ते माझ्यात साठून राहतं, आणि सगळ्यात जास्त साठतं ते रविवारी. या मोठ्या खंडाच्या शेवटी हृदयाला धोका जास्त असतो हे अभ्यासांतूनही दिसलं आहे. मला ते कुणी सांगायच्या आधी शरीराने सांगितलं होतं.

आणि रविवार म्हणजे आमच्या घरी माणसांचा दिवस. भाऊ-वहिनी येतात, सुंगटांचं हुमण होतं, सोलकढी होते. मला दिवसाला 700 मिलिलिटर पाणी, त्यात चहा, आमटी, औषधं गिळायचा घोट, सगळं आलं. आमचं घर कुळागरात. पोफळी, केळी, माड, फणस, आणि मधून दगडी पाट वाहतो. दारातलं जवळजवळ सगळं मला वर्ज्य आहे. शहाळ्याचं पाणी तर विषच. एका शहाळ्यात एका केळ्याहून जास्त पोटॅशियम असतं, आणि मूत्रपिंड ते बाहेर टाकत नसेल तर हृदय मधेच थबकू शकतं. मे महिन्यात पाडेली माडावरून शहाळी उतरवतो, लहानपणापासून मला पहिलं शहाळं मिळायचं. आता मी आत जाऊन बसते.

रविवारी संध्याकाळी घोट्यावर अंगठा दाबला की खळगा पडतो आणि तसाच राहतो. रात्री आडवं झालं की दम भरतो. एक उशी, दोन उशा, तीन उशा, मग खिडकीशी खुर्चीत. बाहेर पाटाचं पाणी वाहत असतं. तोंड कोरडं, छातीत पाणी, आणि कानावर पाणी. तेव्हा भीती येते. पोटातून वर येते, हात गार पडतात, आणि वाटतं, हीच रात्र. बाबांचा शेवटचा श्वास मी पाहिला आहे, तो आठवतो.

सोमवारी मशीन माझ्यातून तीन लिटर पाणी काढतं. दोन जाड सुया, एकीतून रक्त बाहेर, दुसरीतून आत. रक्ताची नळी दंडाला टेकली की ऊबदार लागते. ते माझंच रक्त बाहेर फिरून येत असतं. शेवटच्या अर्ध्या तासात पोटऱ्यांत पेटके येतात. पण उठून वजनकाट्यावर उभी राहते तेव्हा भीती गेलेली असते.

पहिल्या वर्षी मला याची लाज वाटायची. मरणाची भीती एवढी मोठी गोष्ट, आणि ती नळीतून निघून जाते? मग हळूहळू कळलं की रविवारच्या रात्री मी ज्याला मरणाची भीती म्हणत होते त्यातला बराचसा भाग फुप्फुसातलं पाणी होतं. दम कोंडला की शरीर घाबरतं, आणि मन त्याला कारणं पुरवतं. तेव्हापासून मी खुर्चीत बसल्या बसल्या स्वतःला विचारते, हे पाणी आहे की भीती? पाणी असेल तर त्यावर उपाय आहे: पुढच्या शनिवारी पेज खायची नाही, मीठ आणखी कमी, खारवलेली मासळी ताटाजवळसुद्धा नको. आणि दम फारच लागला तर सोमवारची वाट न बघता यांना उठवायचं आणि गाडी काढायला लावायची. त्या बाकावरच्या बाईला मला आधी हेच सांगायला हवं होतं. नवऱ्याला रात्री घाबरायला होत असेल तर आधी त्याचं वजन बघा, पाय बघा.

पण जी भीती मंगळवारी सकाळी हलक्या अंगानेही शिल्लक असते, ती खरी. तिच्याबद्दल कुणी बोलू देत नाही.

आमच्या खोलीत माझ्या शेजारच्या खाटेवर सांग्याकडचे एक काका असत. बस चालवायचे, निवृत्त झालेले. सुया टोचताना माझ्याशी मुद्दाम मानकुराद आंब्याबद्दल बोलायचे, म्हणजे माझं लक्ष तिकडे जाईल. एका सोमवारी ते आले नाहीत. सिस्टरने खाटेवर नवी चादर घातली, कोपरे नीट दुमडले, आणि दहा मिनिटांत तिथे दुसरा माणूस झोपला. कुणी काही विचारलं नाही. आम्ही आठ जण होतो आणि आठही जण छताकडे बघत होतो. मीही. बुधवारी मला राहवलं नाही, मी सिस्टरला मोठ्याने विचारलं. ती म्हणाली, शनिवारी रात्री गेले, घरीच. मग खोलीत एकेक जण बोलायला लागला. कुणाला त्यांनी बसमधून शाळेत सोडलं होतं, कुणाला फणस दिला होता. त्या दिवशीचे चार तास मला जड गेले नाहीत.

म्हणून मला "पॉझिटिव्ह राहा" हे ऐकवत नाही. म्हणणारे प्रेमाने म्हणतात, हे मला ठाऊक आहे. पण ते वाक्य दार लावून घेतं. मी मरणाबद्दल बोलायला तोंड उघडलं की भाऊ म्हणतो, असं अभद्र बोलू नको. मग मी एकटी पडते, आणि एकटं पडण्याची भीती मला मरणाहून जास्त आहे.

शेवटी मी डॉक्टरांना विचारलं: मशीन थांबवलं तर किती दिवस? त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि सांगितलं, तुमच्या बाबतीत साधारण आठवडा, दहा दिवस, आणि त्रास होऊ नये म्हणून औषधं देता येतात. त्या आकड्याने मी कोसळेन असं यांना वाटलं होतं. मला उलट पायाखाली जमीन लागल्यासारखं झालं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला मोजता येणारं काही सांगितलं होतं.

मग इच्छापत्राचं मनात आलं. मालमत्तेचं नव्हे, वैद्यकीय. बरं होण्याची आशा उरली नाही आणि मी बोलण्याच्या स्थितीत नसले तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, हे आधीच लिहून ठेवायचं. सर्वोच्च न्यायालयाने त्याला 2018 साली मान्यता दिली आणि 2023 मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. तरीही वेळ आली की आधी डॉक्टरांची दोन मंडळं तपासून ठरवतात. गोव्यात 2024 साली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी आपलं इच्छापत्र नोंदवलं, राज्यातलं ते पहिलं. ती बातमी मी कापून औषधांच्या डब्यात ठेवली होती. यांना दाखवायला चार महिने लागले. यांनी वाचली, घडी घातली, म्हणाले, "मी साक्षीला चालतो का?" मी म्हटलं, घरचं माणूस साक्षीला नको, पण निर्णय घेणाऱ्यांत तुमचं नाव हवं. आणि लेकीचं.

लेक 23 वर्षांची. तिच्याबाबतीत निम्म्या शक्यतेचं कोडं अजून सुटलेलं नाही. सोनोग्राफी केली की बरंचसं कळेल. ती करत नाही, आणि मी आग्रह करत नाही. रक्तदाब मात्र दर महिन्याला तपासते आणि आकडा मला पाठवते. तो आकडा येईपर्यंत माझा जीव कशात लागत नाही. ही माझी मंगळवारची भीती. तिच्यावर माझ्याकडे काही उपाय नाही, आणि तो आहे असं मी त्या बाकावरच्या बाईलाही सांगणार नाही.

इच्छापत्राचा मसुदा मी तिच्याबरोबर बसून लिहिला. एका रविवारी, दुपारी, सगळे जेवून पांगल्यावर. तिने लॅपटॉप घेतला, मी सांगत गेले. कृत्रिम श्वास नको. छाती दाबू नका. डायलिसिस थांबवायचं ते या दोघांनी डॉक्टरांशी बोलून. वेदना होऊ नयेत एवढं बघा. शेवटी घरी, मागच्या खोलीत. ती टाईप करत होती, थांबत होती, पुन्हा करत होती. मी माझ्या पाण्यातला अर्धा कप चहा तिच्याबरोबर घेतला.

"आई," ती स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाली, "मागच्या खोलीची खिडकी उघडी ठेवायची की बंद? पाटामुळे डास येतात."

"उघडी," मी म्हटलं. "मच्छरदाणी लाव."

तिने तेही टाईप केलं.