भरपूर उजेड

फ्लॅट दाखवणारा एजंट हॉलचे पडदे सरकवून ‘भरपूर उजेड आहे’ म्हणतो, आणि आपणही मान डोलावतो. खिडकीच्या आत ठेवलेल्या तुळशीला ते पटत नाही. महिन्याभरात ती किडकिडीत होते, पेरं लांबतात, अख्खी तुळस खिडकीकडे झुकते. आपण आधी पाणी वाढवतो, मग खत घालतो. भुकेल्या पाहुण्याला पुन्हा पुन्हा पाणीच विचारावं, तसला हा पाहुणचार!

यात फसवे असतात ते आपले डोळे. अंधूक जागी ते लगेच सरावतात आणि सगळं उजळ भासवतात. मोबाइलवर लक्स (उजेडाचं एकक) मोजणारं ॲप घेऊन हिंडलं की भ्रम उतरतो. भर दुपारी गच्चीत आकडा लाखाच्या आसपास जातो, ट्यूब लावलेल्या हॉलमध्ये जेमतेम दोन-तीनशे. पान मिळालेल्या उजेडाच्या हिशेबानंच साखर बनवतं, आणि श्वसनाचा खर्च तर रात्रंदिवस चालूच असतो. कमाई त्याखाली गेली की झाड साठवलेलं खात बसतं. मनीप्लांटचा खर्चच कमी, म्हणून तो फ्रिजवरही तग धरतो.

हे कोडं पहिल्यांदा नीट उलगडलं एका डच डॉक्टरनं. यान इंगेनहाउस हा व्हिएन्नाच्या राजघराण्याला देवी टोचणारा माणूस. १७७९ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये तो पानं पाण्यात बुडवून बसला. उन्हात पानांवर ऑक्सिजनचे बुडबुडे धरायचे, अंधारात थांबायचे. हे काम उन्हाच्या उबेचं नसून उजेडाचं आहे, आणि ते झाडाचे हिरवे भागच करतात, हे त्यानं दाखवलं.

शाळेत हायड्रिला या पाणवनस्पतीची काडी पाण्यात बुडवून आपण तेच करतो. दिवा दुप्पट लांब नेला की उजेड चौथाई होतो आणि बुडबुडे मंदावतात. जवळ आणला की वाढतात, पण एका मर्यादेपर्यंतच. पुढे उजेड उतू जातो, कार्बन डायऑक्साइड पुरत नाही. पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकण्याची शक्कल त्यासाठीच.

पिंपळ रात्रीही ऑक्सिजन सोडतो, हा संदेश दरवर्षी कुणीतरी ग्रुपवर टाकतंच. उजेडाशिवाय ते काम पिंपळालाही जमत नाही. पण काकांना कोण सांगणार?

त्यापेक्षा नवरात्रातला घट बघावा. देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात धान पिवळंधमक, उंचच उंच वाढतं. हरितद्रव्य तयार व्हायला उजेड लागतो. तो नसल्यानं कोंब दाण्यातल्या शिदोरीवर वाढत राहतात. तेच उन्हात ठेवलं तर काही तासांत हिरवी झाक येऊ लागते. आमच्याकडे मात्र दसऱ्यापर्यंत कुणी घट हलवू देत नाही. टोपीत खोचायला पिवळंच लागतं.