पी. एम. किसानचा हप्ता अडला? आधी स्टेटस वाचा

पी. एम. किसान या केंद्राच्या योजनेचा 16वा हप्ता 28 फेब्रुवारी 2024 ला यवतमाळहून सुटला, 18वा 5 ऑक्टोबर 2024 ला वाशीमहून. तरी हप्ता पडला की आपल्याच गावातले काही कास्तकार दुसऱ्या दिवशी पासबुक घेऊन बँकेच्या रांगेत दिसतात. बँक म्हणते तहसीलला जा, तहसील म्हणते कृषी कार्यालयात जा. पी. एम. किसानच्या पोर्टलवर नोंदणी क्रमांक टाकून स्टेटस उघडलं, तर कुठे जायचं ते तिथेच कळतं.

स्टेटसमध्ये तीन गोष्टी बघायच्या: जमिनीची नोंद, ई-केवायसी (ओळखीची ऑनलाइन पडताळणी) आणि आधारशी जोडलेलं बँक खातं. तिन्हींपुढे ‘येस’ हवं.

ई-केवायसी सगळ्यात सोपं. ओटीपीसाठी आधारला मोबाईल जोडलेला लागतो, नाहीतर सेतूवर अंगठा. वावरात राबून ज्यांच्या बोटांचे ठसेच उमटत नाहीत, अशा म्हाताऱ्या माणसांसाठी पी. एम. किसानच्या ॲपमध्ये चेहरा दाखवून केवायसी होतं. हे कुणी आपणहून सांगत नाही, आपणच विचारावं.

बँकेचा घोळ जरा वेगळा. ‘आधार दिलं होतं’ एवढ्यानं भागत नाही. खात्याच्या केवायसीला दिलेलं आधार आणि अनुदान जमा होण्यासाठी जोडलेलं आधार या दोन वेगळ्या गोष्टी. दुसऱ्यासाठी बँकेत वेगळं संमतीपत्र भरावं लागतं. शिवाय एका आधारवर एकाच खात्यात अनुदान येतं, जे शेवटी जोडलं त्यात. पीककर्जाचं खातं एका बँकेत, जनधनचं दुसरीकडे आणि मधे कुणीतरी पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं काढून दिलेलं. पैसे तिथे पडतात आणि माणूस जुनंच पासबुक छापत बसतो. ‘माय आधार’ साइटवर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघा, बँकेचं नाव दिसतं.

खरं डोकेदुखीचं काम जमिनीचं. 1 फेब्रुवारी 2019 ला जमीन तुमच्या नावावर होती का, हा पहिला प्रश्न. त्यानंतर विकत घेतलेलं वावर चालत नाही. बाप हयात असताना वाटणी किंवा बक्षीसपत्र करून नावावर आलेलंही नाही. फक्त मृत्यूनंतर वारसानं आलेली जमीन चालते. म्हणून बाप गेला की त्याच्या नावावरचे हप्ते घेत राहू नका, ते वसूल होतात. मृत्यूचा दाखला घेऊन पटवाऱ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्या. नोटिशीचे 15 दिवस जातात, मग मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतो. सातबारावर नाव चढल्यावर वारसानं नवीन नोंदणी करायची. आजोबाच्याच नावावर पडून असलेले सातबारे गावोगाव आहेत, आणि माझ्या मते हप्ता न मिळण्याचं मोठं कारण ते आहे.

कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान (18 वर्षांखालची) मुलं. दोघांचे वेगळे सातबारे असले तरी लाभ एकालाच. सज्ञान मुलगा नोकरीत आहे, आयकर भरतो, म्हणून बापाचा हप्ता बंद होत नाही. बापानं किंवा आईनं स्वतः आयकर भरलेला असला तर होतो.

गावाची यादी पोर्टलवर सगळ्यांना खुली आहे. राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडलं की नावं येतात, रक्कम नाही. त्यामुळे यादी दाखवून पारावर भांडण्यात अर्थ नाही, पण मेलेल्या माणसाचं नाव त्यात दिसलं तर घरच्यांच्या कानावर घाला.

‘नमो शेतकरी’चे राज्याचे 6,000 रुपये वेगळ्या अर्जानं मिळत नाहीत. पी. एम. किसानच्या पात्र यादीवरच ते येतात, म्हणून एक अडलं की दुसरंही अडतं, दोन्ही मिळून वर्षाला 12,000.

आता राज्याच्या कृषी योजनांना शेतकरी ओळख क्रमांकही लागतो. तो काढताना सगळे गट जोडून घ्या. दुसऱ्या तालुक्यातलं वावर हमखास सुटतं. आधारवरचं आणि सातबारावरचं नाव जुळत नसेल तर आधी ते नीट करा.