प्रेताची गोणी आणि मिठाईचे पेटारे

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या गच्चीवरून तिथला किल्ला दिसतो, आणि औरंगजेबाने सख्ख्या भावाला, मुरादला, याच किल्ल्यात कैदेत ठेवून १६६१ मध्ये ठार करवले हे आठवले की आग्र्यात शिवाजी महाराजांच्या जिवावर काय बेतले होते ते मला नीट उमगते.

परवा अलेक्झांडर ड्यूमाच्या ‘द काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’ या कादंबरीतील नायकाची, एदमाँ दांतेसची, सुटका पुन्हा वाचली. चौदा वर्षांच्या तुरुंगवासानंतर तो मृत सोबत्याच्या जागी प्रेताच्या गोणीत शिरतो आणि पायाला तोफगोळा बांधलेल्या अवस्थेत समुद्रात फेकला जातो. महाराज १७ ऑगस्ट १६६६ रोजी, परंपरेने सांगितले जाते त्याप्रमाणे, मिठाईच्या पेटाऱ्यातून निसटले आणि त्यांच्या पलंगावर हिरोजी फर्जंद पांघरूण घेऊन पडून राहिले. पहारेकऱ्यांच्या सवयीचा लाभ दोघांनीही घेतला, पण साम्य मला तेवढ्यापुरतेच वाटते. दांतेसला कोठडीत मागे सोडावे असे जिवंत कोणी उरले नव्हते. महाराजांना मात्र अवघ्या नऊ वर्षांच्या संभाजीराजांना मथुरेत ठेवून राजगडाची वाट धरावी लागली. त्या निरोपापाशी माझे वाचन दरवेळी थांबते.