खंड्याला पोहायला येत होतं

एप्रिलमधली सकाळ होती. ठिबकचा पंप सुरू करायला शेततळ्यावर गेले, तर पाण्यात आमचा कुत्रा खंड्या. कोपऱ्यात येऊन पुढचे दोन पाय तळ्यात अंथरलेल्या प्लॅस्टिकच्या कागदावर टाकायचा, नखं करकरायची, वीतभर वर सरकायचा आणि घसरून परत पाण्यात. मग दुसऱ्या कोपऱ्याकडे. भुंकत नव्हता, तेवढा दम उरलाच नव्हता. रात्री कधीतरी कुंपणाखालून उकरून आत शिरला असणार.

मी हाका मारल्या, दादा ट्रॅक्टरची ट्यूब आणि कासरा घेऊन धावत आला. ट्यूबमध्ये पाय अडकवून कसाबसा ओढून काढला. खंड्या तासभर थरथरत पडून होता. डॉक्टरांनी छातीला नळी लावून पाहिलं आणि दिवसभर लक्ष ठेवायला सांगितलं, कारण फुप्फुसात पाणी गेलं असेल तर त्रास उशिराही सुरू होतो. तसं काही झालं नाही.

आमचं शेत जुन्नर तालुक्यात, येडगाव धरणाच्या फुगवट्याजवळ. तळं 30 बाय 30 मीटरचं, दहा फूट खोल, चारही बाजू उताराच्या. वर्षभरात कागदावर शेवाळाचा असा थर येतो की माणूसही आधाराशिवाय वर येऊ शकत नाही. अशा तळ्यांत कुत्री, हरणं, कधी बिबटेसुद्धा अडकतात.

मी जाहीर केलं, खंड्याला पोहायला शिकवणार. अण्णा म्हणाले, "आगं, कुत्र्याला कुनी पव्हायला शिकवतं का? त्येला जन्मतःच येतं." दादाचं म्हणणं, आपण शिकलो तसं शिकव. म्हणजे पाठीला पत्र्याचा डबा बांधायचा आणि विहिरीच्या काठावरून ढकलून द्यायचं. (मला ढकलणारा दादाच होता. आजही विहिरीत वाकून बघताना मी एका हाताने काहीतरी धरते.)

अण्णांचं अर्धं बरोबर होतं. पाण्यात पडल्यावर पाय मारणं बहुतेक कुत्र्यांना येतं. पण तरंगणं सगळ्यांना जमत नाही. बुलडॉगसारखं जड डोक्याचं, आखूड पायांचं कुत्रं सरळ तळाला जातं. आमचा खंड्या गावठी, अठरा किलोचा, लांब पायांचा. नाव त्या मासे मारणाऱ्या पक्ष्याचं आणि अंघोळीची बादली दिसली की बाजेखाली.

पाठीवर मूठ असलेलं कुत्र्याचं लाइफ जॅकेट 1,200 रुपयांना मागवलं. अण्णांनी ते हातात घेऊन उलटसुलट बघितलं आणि काही न बोलता खाली ठेवलं. धरणाच्या पाण्याला काठ सपाट, म्हणून तिथे न्यायचं ठरवलं. संध्याकाळी चारला निघायचं आणि दिवस मावळायच्या आत घरी, कारण बिबट्या. बिबट्यासाठीच खंड्याच्या गळ्यात काटेरी पट्टा असतो, तो पाण्याजवळ काढून ठेवायचा.

पहिले तीन दिवस काहीच झालं नाही. मी जुना ड्रेस घालून घोटाभर पाण्यात बसायची, खिशात उकडलेली कलेजी. तो दहा फुटांवरून बघायचा. चौथ्या दिवशी पाय भिजवून एक तुकडा घेऊन गेला. त्यात धरणातून कालव्याला पाण्याचं आवर्तन सुटलं की पाणी मागे सरकायचं आणि काल पाणी होतं तिथे आज गुडघाभर चिखल. दर वेळी नवा काठ शोधायचा.

आठव्या दिवशी माझा धीर सुटला. जॅकेटच्या मुठीला धरून त्याला उचललं आणि कमरेइतक्या पाण्यात नेऊन सोडलं. तो माझ्या अंगावरून चढत थेट खांद्यावर आला. मानेवरचे ओरखडे आठवडाभर दिसत होते. त्यानंतर चार दिवस तो पाण्याच्या जवळ यायला तयार नव्हता, कलेजी दाखवली तरी. विहिरीत ढकलणाऱ्या दादाला नावं ठेवणारी मी, केलं तेच.

पुन्हा घोट्यापासून सुरुवात.

पोहणारं घाबरलेलं कुत्रं कसं दिसतं, ते तेव्हा नीट बघायला मिळालं. पुढचे पाय पाण्याबाहेर काढून फटाफटा आपटतो, अंग उभं होतं, मागचा भाग खाली जातो आणि दोन मिनिटांत दमतो. मी एक हात पोटाखाली, मांड्यांच्या जवळ धरून मागचा भाग वर उचलून ठेवला. अंग आडवं झालं तसे पुढचे पाय आपोआप पाण्याखालून चालायला लागले. पाण्याचा फटफट आवाज एकदम बंद झाला. तो आवाज बंद झाला की हात हळूच काढायचा, पुन्हा सुरू झाला की परत लावायचा. पाच मिनिटं, मग घरी.

सुरुवातीला मी चेंडू टाकत होते. डॉक्टरांनी तो फार वेळ टाकू नको म्हणून सांगितलं. चेंडू तोंडात धरून पोहताना कुत्रा पाणी गिळत राहतो, आणि फारच पाणी गेलं तर रक्तातलं सोडियम उतरून जिवावर बेततं. एकदा जास्त पोहला तर दुसऱ्या दिवशी शेपूट बुडाशी दोन बोटं सरळ आणि पुढे लुळी. मोडली म्हणून मी रडकुंडीला आले. ती स्नायूंची दुखापत होती, चार दिवसांत शेपूट हलायला लागली.

पण खरं काम तळ्यावरचं होतं. एप्रिलमध्येही तो पोहलाच होता की. त्याला बाहेर येता आलं नव्हतं.

आधी वाट केली. एका कोपऱ्यात गोणपाट अंथरून त्यावर जुने टायर एकाखाली एक दोरखंडाने बांधले, वरचं टोक काठावरच्या खांबाला, खालचं पाण्यात चार फूट. "कागदाला भोक पडलं तर भरून कोन देनार?" असं अण्णा रोज विचारायचे. खंड्याची नखं कापून आणली. वाटेजवळ काठावर निळा ड्रम ठेवला, कारण कुत्र्यांना लाल रंग धड दिसत नाही, निळा आणि पिवळा दिसतो.

मग जॅकेट, लांब दोरी आणि दोरी धरून काठावर दादा. टायरवरून चढणं खंड्या दोन दिवसांत शिकला. तीन फुटांवरून, मग दहा फुटांवरून सोडलं, तरी बरोबर आला. मी खूश. आणि मग सहज ड्रमपासून लांब, समोरच्या काठावर जाऊन उभी राहिले. तो टायर सोडून सरळ माझ्याकडे पोहत आला आणि माझ्या पायाखालच्या कागदावर नखं मारायला लागला.

म्हणजे इतके दिवस तो ड्रमकडे येतच नव्हता, माझ्याकडे येत होता!

मग मी बांधामागे पालथी पडून राहायला लागले. कलेजीचा डबा ड्रमवर. दादा दोरीने त्याचं तोंड तिकडे वळवायचा. तो आधी मला शोधत गोल फिरायचा, कुंईकुंई करायचा, आणि ते ऐकून न उठणं हे मला सगळ्यात जड गेलं. नऊ दिवस लागले. दहाव्या दिवशी जॅकेट काढून लांबच्या कोपऱ्यातून सोडलं, तर मान वळवून त्याने ड्रम बघितला आणि सरळ तिकडे निघाला.

जुलैत एका पहाटे खंड्या बाजेखाली ओलागच्च सापडला. पाऊस रात्रभर नव्हता. अण्णा तळ्यावर जाऊन आले आणि म्हणाले, "टायरवर चिखलाची पावलं हायेत. खालून वर आल्याली."

कुंपणाखालचं भोक मी त्याच दिवशी दगड घालून बुजवलं. आठवड्याभरात त्याने शेजारीच दुसरं उकरलं.