लास्ट वॉल्ट्झ: ड्रिफ्ट आवरला, लेवॉनच्या स्नेअरवर

मंडळी, जमलं एकदाचं. द बँड या रॉक ग्रूपच्या ‘द लास्ट वॉल्ट्झ’ मैफलीतलं ‘फर्दर ऑन अप द रोड’ आता पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या झांजेपर्यंत फिल्म आणि अल्बम दोन्हींत बरोबरीने चालतं. मधेच एकावरून दुसऱ्यावर उडी मारली तरी ठेका मोडत नाही. मागच्या नोंदीवर बऱ्याच जणांनी ‘नल टेस्ट कर, दूध का दूध होईल’ असं सुचवलं होतं. ती टेस्ट (एक ट्रॅक दुसऱ्यातून वजा करून उरलेला फरक ऐकायचा) इथे का चालत नाही आणि मग काय चाललं, ते सविस्तर लिहितो.

ही मैफल घेतली कारण ती एकाच रात्रीची आहे: २५ नोव्हेंबर १९७६, सॅन फ्रान्सिस्कोचं विंटरलँड. लेड झेपेलिनची मॅडिसन स्क्वेअर गार्डनची फिल्म म्हणजे १९७३च्या तीन रात्रींची गोधडी, त्यात राहून गेलेले शॉट्स वर्षभराने शेपर्टन स्टुडिओत घेतलेले. तिथे फिल्म आणि अल्बम जुळवायला बसलं तर आधी कुठला तुकडा कुठल्या रात्रीचा हेच शोधत बसावं लागतं. द बँडच्या बाबतीत स्कॉर्सेसीची फिल्म आणि तीन एलपींचा अल्बम दोन्ही १९७८चे, दोन्हींचं मूळ त्याच रात्रीचं मल्टिट्रॅक (वाद्यं वेगवेगळ्या ट्रॅकवर घेतलेलं) रेकॉर्डिंग. ‘द वेट’ आणि ‘इव्हान्जेलिन’ यांचं चित्रीकरण नंतर साउंडस्टेजवर झालं, म्हणून ती दोन बाजूला ठेवली. फिल्म सुरू होते ती मैफलीच्या शेवटच्या गाण्याने, तेव्हा सलग जुळवणी विसरा, गाणं गाणं सुटंच घ्यावं लागतं.

पहिलं गाणं पाहुणा गिटारवादक एरिक क्लॅप्टनचं, म्हणजे हेच ‘फर्दर ऑन’, घेतलं, कारण त्यात एक पक्की खूण आहे. सोलो सुरू होतो न होतो तोच त्याच्या गिटारचा पट्टा निसटतो आणि द बँडचा गिटारवादक रॉबी रॉबर्टसन तिथल्या तिथे सोलो उचलून धरतो. फिल्ममध्ये ते दिसतं, अल्बमवर ऐकू येतं. म्हणजे टेक एकच, वाद नाही.

आता ड्रिफ्ट, म्हणजे दोन ट्रॅक हळूहळू एकमेकांपासून सरकणं. माझ्याकडे फिल्मच्या दोन डिस्क आहेत, एक पाल (भारत-युरोपातली टीव्ही पद्धत) डीव्हीडी आणि एक ब्लू-रे. अल्बम म्हणजे २००२चा चार सीडींचा संच, काळा घोड्याचं रिदम हाउस चालू होतं तेव्हा घेतलेला. (२०१६ साली ते दुकान बंद झालं. तसं रॅक चाळत उभं राहायला मुंबईत मला दुसरी जागा मिळालेली नाही.) डीव्हीडीचा घोळ आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक आहे: सेकंदाला २४ चौकटींची फिल्म पालमध्ये २५ने पळते. पाच मिनिटांचं गाणं ४ मिनिटं ४८ सेकंदांत संपतं आणि स्वर चढतो तो सुमारे ७१ सेंट. पेटीवर सांगायचं तर पांढरी एक सोडून काळी एकच्या दिशेने जवळजवळ पाऊण वाट. ना धड हा सूर, ना तो. ऑडॅसिटी या ऑडिओ एडिटरमध्ये यासाठी ‘चेंज स्पीड’ वापरायचं, ‘चेंज टेम्पो’ नाही, आणि गुणक ०.९६ द्यायचा. वेग ४.१७ टक्के वाढलाय म्हणून तेवढाच वजा करायचा, असं सगळीकडे सांगितलं जातं. ते चूक आहे. २४ भागिले २५ म्हणजे ०.९६, म्हणजे बरोबर ४ टक्के कमी.

ब्लू-रेला हा त्रास नाही असं वाटतं, पण तिथे दुसराच आहे. ब्लू-रेवरची फिल्म सहसा सेकंदाला २४ नव्हे, २३.९७६ चौकटींनी चालते, आणि आवाजही तेवढाच, हजारात एक, मंदावलेला असतो. कानाला पत्ताही लागत नाही. पाचेक मिनिटांच्या गाण्याच्या शेवटी मात्र ३०० मिलिसेकंदांचा फरक पडतो, म्हणजे ठेका सरळसरळ मोडतो. यावर उपाय गुणक १.००१. शिवाय फिल्मचा आवाज ४८ किलोहर्ट्झ आणि सीडीचा ४४.१. तो बदल आधी, वेग नंतर.

एवढं करून झाल्यावर गाण्याची सुरुवात जुळली, शेवट जुळला, आणि मधला भाग तरीही हलत राहिला. कधी अल्बम काही मिलिसेकंद पुढे, कधी फिल्म. डोकं उठलं. सरळ रेषेतला ड्रिफ्ट असता तर एका गुणकाने सुटला असता. हा लाटेसारखा होता, आणि त्याचं कारण टेप. १९७६च्या मल्टिट्रॅकवरून फिल्मचं मिक्स वेगळ्या वेळी निघालं, अल्बमचं वेगळ्या वेळी. फिल्मचा आवाज तर पुढे आणखी काही टेपांवरून फिरला. प्रत्येक ॲनालॉग मशीनचा वेग स्वतःच्या लहरीने किंचित कमीजास्त होतो, आणि या सगळ्या लहरी एकमेकींवर चढल्या आहेत.

नल टेस्टचा जीव इथेच जातो. एक ट्रॅक उलटवून दुसऱ्यात मिसळला की समान भाग रद्द व्हावा, उरेल तो फरक, अशी ती कल्पना. पण अर्धा मिलिसेकंद जरी सरकलं तरी १००० हर्ट्झचा सूर रद्द व्हायच्या ऐवजी दुप्पट होतो. त्यात मिक्सच दोन वेगळी. उरतो तो नुसता कलकलाट, आणि त्यातून काहीही अर्थ काढता येतो. त्यापेक्षा टेस्ट सोडलेली बरी.

मार्ग सापडला तो ओव्हरडबच्या जुन्या वादातून. मैफलीनंतर द बँडचं बरंच वादन स्टुडिओत पुन्हा झालं, आणि द बँडच्या ड्रमर लेवॉन हेल्मने त्याबद्दलची नाराजी कधी लपवली नाही. त्याचे ड्रम मात्र त्या रात्रीचेच राहिले. मग वाटलं, गिटारचा, ब्रासचा नाद सोडावा आणि लेवॉनच्या स्नेअर ड्रमलाच घड्याळ मानावं. फिल्मचा ट्रॅक रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये घेतला, दर दुसऱ्या बारच्या स्नेअरवर स्ट्रेच मार्कर (ओढून आवाज लांब-आखूड करायची खूण) ठोकला आणि प्रत्येक मार्कर अल्बमच्या त्याच ठोक्यावर ओढून आणला. वेव्हफॉर्म पुरेसा मोठा केला की त्याच्या स्नेअरची उभी कड स्वच्छ दिसते, लगेच पाठीमागे थोडा बुटका दुसरा उंचवटा. तोच आकार दोन्ही ट्रॅकवर ओळीने सापडत गेला तसा हात भराभर चालायला लागला. ऑडॅसिटी रोजच्या कामाला उत्तम आहे, पण या कामाला रीपरच हवं. मार्कर पाहिजे तितक्या वेळा मागेपुढे करता येतो, मूळ फाइलला धक्का लागत नाही.

पातळीबद्दल थोडंसं. डीव्हीडीवरच्या डॉल्बी ट्रॅकमध्ये डायलनॉर्म नावाचा, संवादाची पातळी सांगणारा आकडा असतो. तो उणे २७ असेल तर डीकोडर मुकाट्याने ४ डेसिबल कापतो. ५.१चं स्टीरिओ करताना एलएफई (खोल बासचा) चॅनेल सहसा टाकूनच दिला जातो. ‘फिल्मचा बास पातळ आहे’ अशी तक्रार करण्याआधी हे दोन्ही तपासा. मी दोन्ही फाइली एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) मोजून सारख्या पातळीवर आणल्या आणि फूबार या प्लेयरच्या एबीएक्सवर, म्हणजे कुठली फाइल वाजतेय ते न कळता तुलना करायच्या चाचणीवर, चढवल्या.

आणि मग जे ऐकलं त्याने पुढचा बेतच बदलला. चित्र चालू असताना पट्टा निसटण्याची जागा मोठा अपघात वाटते. नजर क्लॅप्टनच्या हातावर खिळते आणि रॉबर्टसनची गिटार धाडकन आत घुसल्यासारखी येते. चित्र बंद करून तीच फिल्म ऐका: गिटारचा पोत बदलतो, स्वर जरा टोकदार होतो, आणि गाणं न अडखळता पुढे जातं. अल्बमवर हुबेहूब तसंच. म्हणजे फिल्मचा आवाज ‘जास्त जिवंत’ असं आपण म्हणतो, त्यातला मोठा वाटा डोळ्यांचा आहे. माझं आता ठाम मत झालंय: चित्राशिवाय ऐकल्याखेरीज फिल्म आणि अल्बमच्या तुलनेत एक ओळही लिहू नये.

त्यामुळे पुढचं म्हणून ठरवलेलं ‘इट मेक्स नो डिफरन्स’ मागे ठेवतो. हे लिहितानाच सुचलं की आधी मडी वॉटर्सचं ‘मॅनिश बॉय’ घ्यावं. बाकीचे कॅमेरे त्या वेळी चालू नव्हते, त्यामुळे अख्खं गाणं एकाच कॅमेऱ्याने टिपलंय. नजरेला इकडून तिकडे ओढणारा एकही कट नाही. वर पॉल बटरफील्डचा हार्मोनिका श्वास न तोडता एकच स्वर धरून ठेवतो. चित्रासह आणि चित्राविना फरक किती पडतो, हे मोजायला याहून चांगलं गाणं या फिल्ममध्ये नाही.

१९७८चं मूळ मिक्सही हवंच. २००२चा संच नव्याने मिक्स केलेला आहे, तेव्हा खरी बरोबरी जुन्या एलपीशीच व्हायला हवी. एका ऑनलाइन विक्रेत्याने ‘जवळजवळ नवी’ म्हणून जी प्रत पाठवली तिच्या दुसऱ्या तबकडीवर करंगळीएवढा ओरखडा निघाला. ती परत केली. ज्यांच्याकडे जुन्या दाबणीची प्रत असेल त्यांनी फक्त क्लॅप्टनचं गाणं ९६ किलोहर्ट्झवर उतरवून पाठवा. टर्नटेबलचा वेग किंचित चुकला तरी हरकत नाही, मार्कर मी लावतो.