तिसरा लायनर

मी ठाण्यात वागळे इस्टेटला लेथवर काम करतो. घर मुरबाड तालुक्यात, आणि घरी बाबांचा जुना एचएमटी ३५११ ट्रॅक्टर. मार्चपासून बाबा फोनवर सांगत होते, रेडिएटरचं पाणी कमी होतंय, पण गळती कुठेच दिसत नाही. शनिवारी जाऊन ऑइल तपासायची डिपस्टिक काढली तर ऑइल दुधाळ चहासारखं. पाणी खालच्या ऑइलच्या चेंबरमध्ये उतरत होतं.

लायनर म्हणजे ज्या नळकांड्यात पिस्टन वरखाली होतो ते. या इंजिनाचे लायनर ओले, म्हणजे लायनरच्या बाहेरच्या अंगाला थेट पाणी असतं आणि खालच्या टोकाला रबरी रिंगा ते अडवतात. रिंगा गेल्या होत्या. जूनच्या चिखलणीआधी इंजिन उभं करायचं होतं. गावच्या मिस्त्रींनी ट्रॅक्टर मधून सोडवला. ट्रकसारखी वेगळी चॅसी नसते, इंजिनचा ब्लॉक हाच सांगाडा, त्यामुळे दोन भाग करावेच लागतात. हेड, पिस्टन, क्रॅंक काढून ब्लॉक गोठ्यात लाकडी ओंडक्यांवर ठेवला.

शेजारचे दादा म्हणाले, "खालून पाइप लावून घण घाला, निघतील." मिस्त्री अडून बसले. "ब्लॉकला तडा गेला तर दुसरा कुठून आणणार?" त्यांचं बरोबर होतं. पिंजोरचा एचएमटीचा ट्रॅक्टर कारखाना बंद करायचा निर्णय २०१६ मध्येच झाला. लायनर-पिस्टनचा सेट बाजारात मिळतो, ब्लॉक शोधत फिरावं लागतं.

मी लायनरची मापं घेऊन ठाण्याला आलो आणि शिफ्ट संपल्यावर लायनर खालून वर ओढायला एक पायरीची प्लेट लेथवर टर्न केली. वरची पायरी लायनरच्या आत सहज बसेल अशी, आणि खालचा कॉलर लायनरच्या बाहेरच्या मापापेक्षा अर्धा मिलिमीटर कमी. हा अर्धा मिलिमीटर महत्त्वाचा. कॉलर मोठा झाला तर तो ब्लॉकच्या सीटवर, म्हणजे लायनर बसतो त्या जागेवर, अडकतो आणि आपण ब्लॉकच ओढत बसतो. मधून जाड आटेवाला रॉड, वर सी-चॅनेलचा, म्हणजे सी आकाराच्या लोखंडी दांड्याचा तुकडा, त्याच्या दोन्ही टोकांखाली लोखंडी पट्ट्या, म्हणजे ब्लॉकच्या तोंडाला ओरखडा येत नाही. नटाखाली ग्रीस लावलेला वॉशर. नट आवळला की रॉड लायनरला वर ओढतो.

पहिले दोन लायनर तासाभरात आले. तिसरा हलेना. पान्याला पाइप लावून ताणलं तर चॅनेल वाकायला लागला, तिथेच थांबलो.

खरं तर ओला लायनर मुळात हाताने बसतो. त्याला गंज धरून ठेवतो. आमच्याकडे वर्षानुवर्षं विहिरीचं पाणी भरलं जायचं, कूलंट कधीच नाही. बाजूच्या पाण्याच्या भोकांतून तार घालून गंजाचे पापुद्रे खरवडले, तर वाटीभर लाल गाळ निघाला. मग वरच्या कडेला डिझेल सोडलं, मासळीवाल्याकडचा बर्फ पिशवीत भरून लायनरच्या आत ठेवला, म्हणजे लायनर जरा आकसेल. नट घट्ट ताणून रात्रभर तसंच सोडलं. सकाळी नट पाव फेरा फिरवला आणि "टण्" असा आवाज आला. बाबा अंगणातून धावत आले, त्यांना वाटलं काहीतरी तुटलं. लायनर दोन सूत, म्हणजे पाव इंच, वर आला होता.

बाहेर काढल्यावर एका अंगाला सुईने टोचल्यासारखी भोकं दिसली, दोन तर जवळजवळ आरपार. पिस्टन आपटला की लायनर थरथरतो, पाण्यात बुडबुडे होतात आणि ते फुटताना धातू खातात. साध्या पाण्यात हे जास्त होतं. मी तो लायनर बाबांच्या हातात दिला. त्यांनी बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "कूलंटचा डबा घेऊन ये."

सीट साफ करायला बारीक पॉलिश पेपर, तोही हातानेच. ग्राइंडर लावायचा मोह मिस्त्रींनी मोडून काढला. नवे लायनर आधी रिंगांशिवाय सोडून पाहिले, आपल्या वजनाने बसले. ब्लॉकवर पट्टी ठेवून फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांनी पाहिलं, तिन्ही ब्लॉकच्या किंचित वर आणि सारखे होते. तसे नसते तर हेड गॅस्केट धरलंच नसतं. मग रिंगांना साबणाचं पाणी लावून, पीळ बसू न देता, लाकडी ठोकळ्याने दाबून बसवले.

पिस्टन घालायच्या आधी ब्लॉकची बाजूची तोंडं रबर आणि पट्टीने बंद केली, पाणी भरलं आणि खाली वर्तमानपत्र पसरून झोपलो. पहाटे बाबा माझ्याआधी उठून गोठ्यात गेले होते. कागद त्यांनी उचलून दिव्यासमोर धरला. कोरडा होता.